सैकल, शिकल आणि सान : बुऱ्हाणपूर परिसरातील धारेच्या दगडाचा इतिहास

उर्दूत धारेच्या दगडाला ‘सान’ म्हणतात आणि चाकू ‘सानेवर चढवतात’. मराठीत हत्यार घासून, उजळून त्याला धार लावणाऱ्या कारागिराला ‘शिकलगार’ म्हणतात. दोन्ही शब्द आपल्या वर्गांतून आणि घरांतून सहज वावरतात. त्यांची कुळे शोधू लागल्यावर मात्र एक गमतीची अदलाबदल नजरेस येते. उर्दूतील ‘सान’ हा संस्कृत ‘शाण’ या शब्दाचा प्राकृतमार्गे आलेला वारस आहे. मराठीतील ‘शिकलगार’ मात्र अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे, या शब्दाला फारसी ‘गर’ हा प्रत्यय लागून झालेल्या ‘सैकलगर’चे रूप आहे. दगडाचे नाव उर्दूने संस्कृतकडून घेतले आणि कारागिराचे नाव मराठीने अरबी-फारसीकडून. भाषांच्या शुद्धतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा पाहून घ्यावा.

अमरकोशात ‘शाण’, ‘निकष’ आणि ‘कष’ हे शब्द एकाच ओळीत समानार्थी म्हणून आले आहेत. धार लावणाऱ्याला तेथे ‘असिधावक’ आणि ‘शस्त्रमार्ज’ अशी नावे आहेत. ही दोन्ही नावे मराठी बोलीतून केव्हाच लोपली. शिकलगार मात्र टिकला. ‘निकष’ टिकला तो दगड सोडून. प्रवेशाचे निकष, गुणांचे निकष असे आपण कागदोपत्री रोज लिहितो, पण हा मुळात घासून पाहण्याचा दगड होता हे लिहिताना आठवत नाही. ‘पोलाद’ शब्दाची कथाही अशीच आहे. फारसीचा मूळ ‘प’ मराठीने जपला, आणि अरबी वळणाने ‘फ’ झालेला ‘फौलाद’ उर्दूने. सुरी आणि छुरी या तर सख्ख्या बहिणी, दोघी ‘क्षुरिका’पासून झालेल्या. मराठीतला ‘वस्तरा’ फारसी ‘उस्तुरा’पासून आला.

शब्दांची अशी सरमिसळ दरबारात किंवा ग्रंथालयात होत नाही. ती जेथे दोन माणसे एकाच दगडावर वाकून काम करतात तेथे होते. इतिहासग्रंथांनी तलवारींची नावे, मुठींवरची सोन्याची कलाकुसर आणि धारकांच्या वंशावळी नोंदवल्या. ज्या दगडावर त्या तलवारींना धार आली त्याची नोंद क्वचितच केली. प्रस्तुत लेखात त्या दगडाचा आणि तो सांभाळणाऱ्या हातांचा मागोवा बुऱ्हाणपूर परिसराच्या संदर्भात घेतला आहे.

काळ्या दगडाचा प्रदेश

जसोंडी हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील, तापीच्या खोऱ्यातील गाव. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्याचे विभाजन होऊन बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रदेशात असूनही या पट्ट्याचा मराठीशी आणि खानदेशाशी असलेला संबंध जुना आहे. उत्तरेस सातपुडा, मधे तापी आणि पायाखाली सर्वत्र दख्खनचा काळा बसाल्ट. याच दगडाची झीज होऊन येथील काळी जमीन झाली. त्याच दगडाचे जाते, पाटा-वरवंटा आणि उखळ झाले.

हा दगड धान्य दळण्यास उत्तम आहे; कठीण पोलादाला धार लावण्यास तो अपुरा पडतो. कारण साधे आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहसच्या १ ते १० या मापपट्टीवर बसाल्टमधील मुख्य खनिजे, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, ५ ते ६ च्या आसपास येतात. पाणी पाजलेले कठीण पोलाद साडेसहाच्या घरात जाते. जो दगड पात्यापेक्षा मऊ आहे तो पात्याला कापू शकत नाही. उलट पातेच त्याला गुळगुळीत करते. घरच्या मऊ लोखंडाचा विळा काळ्या दगडावर घासला तर कामापुरता लागतो, म्हणून ‘कोणताही दगड चालतो’ असा समज रूढ झाला. विळ्याच्या बाबतीत तो खरा आहे. वस्तरा, तलवार किंवा खऱ्या पोलादाचा चाकू यांच्या बाबतीत नाही.

कठीण पात्यासाठी किमान गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असलेला दगड लागतो. क्वार्ट्झचा अंक ७ आहे. असा वालुकाश्म नर्मदेपलीकडे विंध्यात विपुल आहे आणि सातपुड्याच्या पूर्वेकडील पचमढीच्या डोंगरांतही आहे. याहून पुढचा दगड कुरुंद. त्याचा अंक ९, म्हणजे त्याच्यावर फक्त हिरा. जुन्या रीवा संस्थानातील पिपरा येथे आणि दक्षिणेत म्हैसूर व सेलमच्या भागांत तो सापडतो. संस्कृतात ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम’ आणि मराठीत कुरुंद. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या आशियाई दगडावर निबंध लिहिला आणि युरोपीय शास्त्राने तो ‘कोरंडम’ या नावाने स्वीकारला. अरबी-फारसी ग्रंथांत या जातीच्या घासणाऱ्या खनिजाला ‘सुंबादज’ म्हणत. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने रत्ने व धातूंवरील आपल्या ‘किताबुल जमाहिर’मध्ये त्याला स्वतंत्र प्रकरण दिले. खनिजशास्त्राच्या ग्रंथात घासायच्या भुकटीला माणिक-मोत्यांच्या रांगेत बसवणारा हा विद्वान कारागिरांकडे बसून शिकला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

छावणीचे शहर

फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बुऱ्हाणपूर, जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यानंतर, मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांचा दीर्घ मुक्काम येथे होता. शाहजहान येथे राहिला. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये येथेच झाला. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दख्खनमध्ये उतरला तोही याच शहरातून. छावणी आली की तिच्यामागे नालबंद येतो, जीनगर येतो, तसा सैकलगरही येतो. गंजलेली तलवार ही सैनिकाच्या दृष्टीने नसलेली तलवार होय. दमट पावसाळ्यात हजारो पाती कोरडी आणि तेज ठेवणे हे लहान काम नव्हते.

या कामाकडे राज्यकर्ते किती बारकाईने पाहत याची एक साक्ष आईन-ए-अकबरीत आहे. अकबराने योजलेल्या एका चक्राचे वर्णन अबुल फजलने केले आहे. बैलाच्या जातीच्या जनावराने फिरवलेल्या त्या चक्रावर बंदुकीच्या सोळा नळ्या एकाच वेळी, थोड्या अवधीत साफ होत. पॉलिशच्या कामाचे यांत्रिकीकरण म्हणून या नोंदीचे महत्त्व आहे.

दुसरी साक्ष जहांगीरची. १६२१ मध्ये पंजाबात जालंदर भागात आकाशातून लोखंडाचा तप्त गोळा पडला. जहांगीरने तो उस्ताद दाऊद या कारागिराकडे दिला. केवळ त्या लोखंडावर हातोडा टिकेना, ते फुटू लागले. तेव्हा तीन भाग उल्केच्या लोखंडात एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक चाकू तयार झाला, असे जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे. तो चाकू वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. उस्ताद दाऊदचे नाव राहिले ही मोठीच गोष्ट. त्या पात्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्याचे नाव राहिले नाही.

याच काळात दख्खनचे पोलाद इराणपर्यंत जात होते. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी यांनी तेथील भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले. मुशीत वितळवलेल्या या पोलादात शंभर भागांस सुमारे दीड भाग कार्बन असे. त्यामुळे त्यात लोह आणि कार्बन यांच्या संयुगाचे अतिशय कठीण कण पट्ट्यापट्ट्यांनी जमत. पृष्ठभाग घासून, वर हिराकशीसारख्या लोहक्षाराचे पाणी फिरवले की हे पट्टे लाटांसारखे दिसू लागतात. यालाच ‘जौहर’ म्हणत. जौहर पोलादात असतोच; तो दिसतो सैकलगराच्या हातून. खरखरीत दगडाचा एखादा ओरखडा राहिला तर तो जौहरावर आडवा उमटतो. म्हणून एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरावे लागत आणि शेवटी ‘मिस्कला’ या गुळगुळीत पोलादी हत्याराने घोटावे लागे. मिस्कला आणि सैकल हे एकाच अरबी धातूचे शब्द.

उर्दू कवितेच्या विद्यार्थ्याला सैकल, जौहर आणि आईना हे तीन शब्द हातात हात घालून भेटतात. मौलाना रूमींच्या मसनवीत भिंत रंगवण्याऐवजी घासून आरसा करणाऱ्या कारागिरांची कथा आहे. सूफी परिभाषेत हृदयाला सैकल करतात. वर्गात या शब्दांचा अर्थ सांगताना आपण थेट रूपकावर उडी मारतो. त्या काळचा आरसा पोलादाचा होता, त्याला गंज चढे आणि तो उतरवण्यासाठी एक माणूस भुकटी व दगड घेऊन बसे, हे सांगितल्याशिवाय रूपकाचा निम्मा अर्थ हवेत राहतो.

लाखेचे चाक

सपाट दगडाखेरीज सैकलगराचे मुख्य साधन म्हणजे सानेचे चाक. भारतीय चाक अखंड दगडाचे नसे. कुरुंदाची भुकटी वितळलेल्या लाखेत कालवून त्याचा जाड थर लाकडी आसाभोवती बसवत. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांकडेही हेच तंत्र होते. आसाला चामड्याची वादी गुंडाळून एक जण ती दोन्ही हातांनी पुढेमागे ओढी. चाक कधी इकडे, कधी तिकडे फिरे. दुसरा समोर बसून पाते धरी. बहुधा बाप पात्यावर आणि मुलगा किंवा घरातील स्त्री वादीवर. मूल वादी ओढता ओढता वर्षानुवर्षे बापाची मनगटे पाहत असे, आणि हीच त्याची शाळा होती.

या चाकाची निवड आणि निगा हे स्वतंत्र शास्त्र होते. भुकटी कुटून, चाळून, पाण्यात ढवळून वेगळी करत. जड कण आधी खाली बसतात, बारीक कण उशिरा. जितका वेळ पाणी स्थिर ठेवावे तितकी वरची गाळणी बारीक. प्रयोगशाळेत ज्याला आपण निवळण म्हणतो तेच हे. जाड भुकटीचे चाक पाते उतरवण्यासाठी, मध्यम धारेसाठी, अगदी बारीक चकाकीसाठी. एका चाकाची भुकटी दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर पाते धुऊन पुसणे आवश्यक. वापरून चाक गुळगुळीत झाले की ते फेकत नसत. विस्तवावर शेकून लाख मऊ करत आणि वर ताजी भुकटी दाबत. चाक वाकडे झाले तर त्याच उबेत ते पुन्हा गोल करत.

लाखेचा आणखी एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. लाख सत्तर-ऐंशी अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ होऊन वितळू लागते. पाणी पाजलेल्या साध्या कार्बन पोलादाची धार दोनशे अंशांच्या पुढे उतरू लागते. तीनशेच्या सुमारास पाते निळे पडते आणि त्याचा कणखरपणा बराचसा गेलेला असतो. लाखेच्या चाकावर कारागिराने घाई केली, जोर लावला, तर बंध सैल पडून चाकच आधी तक्रार करी. कठीण पोलादाला जपणारे याहून सोपे साधन क्वचितच सापडेल. हाताने ओढलेल्या वादीचा वेगही मर्यादितच असे.

कायदा आणि कारखाना

१८५७ नंतर इंग्रज सरकारने देशभर शस्त्रे जमा केली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. संस्थानांचे सिलेखाने शोभेपुरते उरले. तलवारींवर जगणाऱ्या शिकलगारासमोर मग चाकू, कात्री, वस्तरा आणि अडकित्ता एवढेच राहिले. १८८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत सैकलगार हे मुस्लिम कारागिरांत स्वतंत्र गट म्हणून येतात. मात्र औरंगजेबाने धर्मांतरित केले हे ठरावीक वाक्य तेथे अनेक गटांना सरसकट जोडलेले आहे. एकाच साच्यातून निघालेले असे विधान इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना सावध राहणे बरे. त्याच पानांवर त्यांच्या दगडांविषयी दोन ओळी अधिक आल्या असत्या तर संशोधकाला अधिक उपयोग झाला असता.

हा व्यवसाय एका धर्माचा कधीच नव्हता. शीख सिकलीगर हा त्याच नावाचा दुसरा मोठा प्रवाह. त्यांची परंपरा आपले नाव गुरू गोविंदसिंगांशी जोडते. १७०८ मध्ये बहादूरशाहाबरोबर नांदेडकडे जाताना गुरूंचा मुक्काम बुऱ्हाणपुरात झाला होता. तेथील बडी संगत गुरुद्वारा त्याची आठवण आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात शीख सिकलीगरांच्या वस्त्या आहेत. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव येते ते बहुधा अवैध शस्त्रांच्या बातम्यांत. बंदुकीच्या नळीची निगा राखणे ज्या हुनरासाठी दरबारात मानाचे होते, त्याच हुनराला कायद्याने बाहेर ठेवले आणि त्याच्या जागी दुसरे काही शिकवले नाही, हा इतिहास त्या बातमीत नसतो. महाराष्ट्रात शिकलगार हे नाव भटक्या जमातींच्या यादीत आहे.

कायद्याने गिऱ्हाईक नेले. कारखान्याने दगड नेला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अचेसन यांनी विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा तापवून एक नवा, कुरुंदाहूनही किंचित कठीण पदार्थ मिळवला. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा या समजुतीने त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. समजूत चुकीची निघाली, नाव राहिले, आणि त्या नावात दक्षिण भारतातला कुरुंदही राहिला. महाराष्ट्रात उरणजवळ मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना निघाला. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल स्थापन झाली. तयार चाक स्वस्त मिळू लागले. खांद्यावर लाकडी घोडा आणि पायाने फिरणारे चाक घेऊन गल्लोगल्ली हिंडणारा धारवाला याच काळातला. वादी ओढणाऱ्या दुसऱ्या माणसाची गरज संपली आणि त्याबरोबर मुलाच्या शिकण्याची जागाही.

विजेच्या मोटरीने उरलेली शिस्त मोडली. मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेणारे दीडशे मिलिमीटर व्यासाचे चाक पात्याजवळून सेकंदाला बावीस मीटरहून अधिक वेगाने जाते. ठिणग्या पडतात, गिऱ्हाईक खूश होते, पाते क्षणात निळे पडते. या चाकाचा बंध पक्क्या भाजलेल्या मातीचा असतो. लाखेसारखी तक्रार तो करत नाही. धार लावून आणलेला चाकू आठ दिवसांत बोथट झाला की दोष पोलादाला दिला जातो.

दगडाची निवड, दगडाची निगा

अलीकडे शहरांतील स्वयंपाकघरांत जपानी पद्धतीचे कठीण चाकू येऊ लागल्याने हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. रॉकवेल मापाने सामान्य युरोपीय चाकू ५५ ते ५८ अंशांचा असतो, जपानी ६० च्या वर. पहिल्याची वाकलेली धार पोलादी सळईवर ओढून सरळ होते. खाटकाचे चाकू मुद्दाम या बेताचे मऊ ठेवलेले असतात, कारण दिवसभरात त्यांना अनेकदा सळई लागते. दुसऱ्याची धार वाकत नाही, तुटते. त्याला सळई लावणे म्हणजे धारेचे तुकडे पाडणे. त्याला दगडच हवा.

खाटकांच्या व्यवसायात तीक्ष्ण धार हा सोयीपुरता प्रश्न नाही. सहीह मुस्लिममधील शद्दाद इब्न औस यांच्या रिवायतीत जनावराला त्रास होऊ नये म्हणून पाते धारदार करण्याची ताकीद आहे, आणि ते जनावराच्या समोर परजू नये असा फिकहचा दंडक आहे. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात धारवाल्यांकडे रांग लागते ती यामुळे. त्या घाईतच सर्वाधिक पाती मोटरीवर जळतात.

सपाट दगड निवडताना कण आणि बंध या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. धारेत खाच पडली असेल तर २०० ते ४०० चा दगड, रोजच्या धारेसाठी ८०० ते १०००, शेवटचा हात ३००० किंवा पुढे. घरात एकच घ्यायचा तर हजारच्या आसपासचा पुरेसा. बंध किती घट्ट असावा याचा नियम नवख्याला उलटा वाटतो. कठीण पोलादाला मऊ बंधाचा दगड मानवतो, कारण बोथट झालेले कण गळून खालचे ताजे कण वर येतात. मऊ पात्याला घट्ट बंधाचा दगड हवा, नाहीतर दगडच वाहून जातो. घासताना निघणारा चिखल म्हणून लगेच धुऊ नये. त्यातही कापणारे कण असतात. पात्याच्या पलीकडच्या बाजूस बोटाला बारीक खरखरीत कड लागली की ती बाजू झाली असे समजावे आणि पाते उलटावे.

ज्या दगडाला एकदा तेल दिले त्याला पुन्हा पाण्यावर आणता येत नाही. तेल छिद्रांत बसते आणि पाणी आत शिरत नाही. काही कृत्रिम दगड पाण्यात भिजवून ठेवायचे असतात, काहींवर फक्त पाणी शिंपडायचे असते. दुसऱ्या प्रकारचा दगड रात्रभर बुडवून ठेवला तर तो मऊ पडतो, तडकतोही. ओला दगड उन्हात सुकवू नये, सावलीत उभा ठेवावा.

सर्वांत मोठा शत्रू मात्र खळगा. प्रत्येक हात मधोमधच घासतो, म्हणून दगड मध्ये खोल होत जातो आणि त्यावर सरळ पाते कधीच सरळ बसत नाही. जुन्या न्हाव्यांच्या पथरीवर असा खळगा पिढ्यांची कमाई म्हणून दाखवला जातो. वस्तऱ्याच्या दृष्टीने ती पथरी निरुपयोगी झालेली असते. उपाय जुना आहे. सपाट फरशीवर बारीक वाळू आणि पाणी घेऊन दगड पालथा फिरवावा. आधी त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. सगळ्या पुसल्या की दगड सपाट झाला. टकारी जात्याला टाकी लावतो त्याच जातीचे हे काम, फक्त जात्याला खरबरीतपणा हवा असतो आणि धारेच्या दगडाला सपाटी.